आवाज पास, खोली नापास

५ मार्च

काका,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा. प्रत्यक्षात मी स्टुलावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, कारण माझ्या खोलीतलं टेबल दाराला टेकवून उभं केलंय. का, ते पुढे येईलच.

आधी कबुली देऊन टाकते. चार वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आता काम पडल्यावर काका आठवले. रागावला असाल तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

फोन केला होता. तीनदा. तिन्ही वेळा काकूंनी उचलला आणि तुम्ही बाहेर गेल्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी मागे तुमचा खोकला ऐकू आला. म्हणून पत्र लिहितेय. पत्राला काही ‘बाहेर गेलेत’ म्हणून सांगता येत नाही.

मी अजून त्याच दातांच्या दवाखान्यात आहे. चौदा वर्षं झाली. दिवसभरात माझी वाक्यं दोनच, ‘थोडं बसा’ आणि ‘पुढच्या आठवड्यात या’. गेल्या वर्षी वाटलं, ह्या आवाजाचं दुसरंही काही करता येईल. पुस्तकं वाचून ती ध्वनिमुद्रित करणारी एक कंपनी आहे, तिथे नमुना पाठवला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. आवाज चांगला आहे, खोली वाईट आहे. दहा मेपर्यंत खोली सुधारून दुसरा नमुना पाठवा, तो चालला तर एक जाडजूड कादंबरी तुम्हाला देऊ. म्हणजे आवाज पास, खोली नापास. काका, माझ्या आवाजाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. ते उत्तर मी पर्समध्ये ठेवलंय आणि बसमध्ये काढून वाचते.

मी उत्साहाने बेकरीतून अंड्यांचे नव्वद ट्रे आणले आणि भिंतींना चिकटवले. ढिम्म फरक नाही. बाबा दारातून डोकावून म्हणाले, ‘कोंबड्या कधी येणार?’ दार लागत नाही, म्हणून टेबलाचा टेकू दिलाय.

तुम्ही एकतीस वर्षं रेडिओ केंद्रावर ध्वनिमुद्रण केलंत. मला दुसऱ्या कुणाला विचारावं हे सुचत नाही. बाबांना मी हे पत्र लिहितेय हे माहीत नाही.

तुमची टिटवी

*

१२ मार्च

टिटवी,

तुझं पत्र चष्मा बदलून दोनदा वाचलं. लहानपणी बोलायची थांबायचीच नाहीस म्हणून हे नाव मी ठेवलं होतं. त्याच तोंडाने आता तू पुस्तकं वाचणार, म्हणजे नाव फुकट गेलं नाही.

ट्रे काढून टाक. अंडी फुटू नयेत एवढंच त्यांचं काम. आवाजाचं आणि त्यांचं काही देणंघेणं नाही.

आता नीट लक्ष देऊन वाच. तुझ्या खोलीला एक नव्हे, दोन आजार असणार. बाहेरचा आवाज आत येणं हा पहिला. तुझाच आवाज भिंतींवर आपटून माइककडे परत जाणं हा दुसरा. दोघांची औषधं वेगळी. पहिल्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, मग भिंत किल्ल्याची का असेना. दुसऱ्याला जाड आणि मऊ काहीतरी लागतं, ज्यात आवाज शिरेल आणि दमून तिथेच बसेल. लोक दुसऱ्याचं औषध पहिल्याला पाजतात, भिंतीवर स्पंज चिकटवतात, आणि शेजाऱ्याचा कुत्रा तरीही ऐकू येतो म्हणून कपाळाला हात लावतात.

तेव्हा आधी तपासणी. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटं डोळे मिटून खोलीत बस. काय काय ऐकू येतं आणि कुठून येतं ते लिही. मग मधोमध उभी राहून एकच टाळी वाजव आणि टाळीच्या मागून काय येतं तेही लिही. ध्वनिमुद्रण पाठवू नकोस, मला कागदावर हवं आहे. स्वतः लिहिशील तेव्हा कळेल की आजवर तू खोलीत राहिलीस, पण ती ऐकली नाहीस.

फोनही नको. माझं हल्ली सारखं बाहेर जाणं असतं.

काकू मजेत आहे. दादाला नमस्कार सांगायचा की नाही, ते तू ठरव.

काका

*

२४ मार्च

काका,

तपासणी झाली. एवढ्याशा खोलीत इतकी वर्दळ असेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येतो. मधेच अंग झटकल्यासारखा थरथरतो आणि गप्प होतो. मग लिफ्टचं दार, जिन्यावर चपला, खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून रस्त्यावरच्या गाड्या. तिथे चौकट आणि भिंत ह्यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट आहे. सात वर्षं ह्या खोलीत झोपतेय आणि मला ती परवा दिसली, तीही डोळे मिटून बसल्यामुळे.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचं मशीन. घर्रर्र, थांबा, पुन्हा घर्रर्र. हा आवाज कुठून येतो ते सापडेना, कारण तो सगळीकडून येतो. भिंतीला हात लावला तर भिंतही बारीक थरथरत होती.

संध्याकाळी बाबांचा टीव्ही, आणि मग दुसरं काहीच नाही. बातम्या देणारी बाई आमच्याकडेच राहायला आली आहे असं वाटतं. सांगितलं की बाबा आवाज कमी करतात आणि पाच मिनिटांत पुन्हा वाढवतात.

टाळीच्या मागून एक बारीक शेपूट येतं, पत्र्याच्या डब्यात वाटाणा टाकल्यासारखं.

आता दुसरं. नमस्कार मी सांगितला नाही. तुम्ही माझ्या भिंतींची चौकशी केलीत, खिडकीची केलीत, पण बाबा कसे आहेत हे एका ओळीत विचारलं नाहीत. एवढं मोठं ऑपरेशन झालं तेव्हाही विचारलं नव्हतंत, आताही नाही. काम माझं आहे, त्यामुळे मला बोलायचा हक्क नसेल. पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

टिटवी

*

३० मार्च

टिटवी,

कसलं ऑपरेशन? कधी झालं? दादाला काय झालं होतं?

तू लिहिलंस ते काकूने वाचलं आणि मी वाचलं. आम्हा दोघांना ह्यातलं काही माहीत नाही. दादा आता कसा आहे ते आधी कळव. दार आणि खिडकी राहू दे बाजूला. उलट टपाली लिही.

काका

*

५ एप्रिल

काका,

बाबा आता ठीक आहेत. रोज सकाळी चालायला जातात, जिना चढतात आणि मला नावं ठेवतात. आधी एवढं वाचा आणि श्वास घ्या.

तुमचं पत्र आल्यापासून मी चक्रावलेय. तुम्हाला माहीत नाही हे कसं शक्य आहे? बाबांनी माझ्यासमोर तुम्हाला फोन केला होता. चार वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून. मी शेजारी त्यांची पिशवी धरून उभी होते. ते म्हणाले, ‘उद्या सकाळी बायपास आहे. तू आलास तर बरं वाटेल.’ त्यांनी असं कुणाला ‘ये’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. तुमचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. तुम्ही म्हणालात, ‘वा, छान. मजा करा.’

बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, ‘ह्याला मजा वाटतेय.’

त्यानंतर घरात तुमचं नाव निघालं नाही. मीही काढलं नाही. महिनाभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं, आणि नंतर वाटलं, ज्यांना बातमी ऐकून मजा वाटते त्यांना काय कळवायचं? आता तुम्ही विचारता, कसलं ऑपरेशन. मला काहीच समजेनासं झालंय.

टिटवी

*

१२ एप्रिल

टिटवी,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले.

तो फोन मला आठवतो. काकू घरी नव्हती, म्हणून मी उचलला. मला ऐकू आलं, ‘उद्या सकाळी प्रवास आहे.’ पुढचं काहीच ऐकू आलं नाही. दादा निवृत्त झाल्यावर कुठेतरी फिरायला जाणार होता, मला वाटलं, अखेर निघाला. म्हणून म्हटलं, मजा करा.

मला ऐकू येत नाही, टिटवी. उजवा कान सहा वर्षांपूर्वी गेला आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या आवाजातली खरखर पकडून देणारा मी माणूस. मी बहिरा झालो म्हणजे पोहण्याच्या मास्तरने बादलीत बुडावं तसं झालं. कुणाला सांगायची लाज वाटली. फोनवर ‘हो’, ‘वा’, ‘छान’ एवढ्यावर भागवू लागलो, आणि त्यातला एक ‘छान’ नेमका तिथे जाऊन पडला. नंतर दादाचा फोन येईना, तेव्हा वाटलं, आपण नीट बोलत नाही म्हणून तो रागावला असेल. ते खरंच होतं, फक्त मला वाटलं त्याच्या कैक पटीने जास्त.

कानाचं यंत्र घेतलंय. ते कपाटात असतं. आमच्या घरात फरशी, काच आणि मोकळ्या भिंती. यंत्र लावलं की भांडी, पंखा आणि माणूस सगळे एकाच आवाजात ओरडतात.

दादाला ह्यातलं काही सांगू नकोस. मी काय तोंडाने सांगणार आहे?

आता तुझं काम. ते तरी मला धड करू दे. तुझं दार पोकळ असणार, बोटाने वाजवून बघ. त्याच्यावर जाड प्लायचा एक पूर्ण तक्ता चढव. चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी, आणि खाली जमिनीला टेकेल अशी चौथी. दार लावताना जरा जोर लागला पाहिजे. खिडकीची फट बुजव आणि आतून दुसरी जाड काच बसव. फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेव, पण पुन्हा चालू करायची आठवण म्हणून त्यात पर्स ठेवत जा. वरचं मशीन तुला खालून थांबवता येणार नाही, कारण त्याचा धक्का जमिनीतून उतरतो. वर जाऊन बाईंना गोड बोल आणि मशीनच्या पायांखाली जाड रबर घालून ये.

टाळीच्या शेपटासाठी लाकडी चौकटी कर. चार इंच खोल, मऊ काहीतरी दाबून भरलेल्या, वर सुती कापड. भिंतीपासून चार बोटं पुढे टांग, अगदी चिकटवू नकोस. कोपरे विसरू नकोस, जाड आवाज तिथे साठतो. माइक खोलीच्या मधोमध ठेवायचा नाही.

काका

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी मी हे उघडून वाचलं. बाळ, ‘बाहेर गेलेत’ असं खोटं सांगून सांगून माझी जीभ झिजली. दादाला सांगू नकोस असं हे म्हणतात ते बिलकूल ऐकू नकोस. भाऊजींच्या हातात हे पत्रच दे. — काकू

*

२६ एप्रिल

काका,

मी काकूंचं ऐकलं. रागवायचं असेल तर घरातल्या घरात वाटून घ्या.

बाबांनी पत्र उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. म्हणाले, ‘बायपासचा प्रवास?’ आणि हसायला लागले. इतके हसले की मला छातीची काळजी वाटली. मग उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि तोंड मात्र कोरडं होतं. त्या संध्याकाळी टीव्ही लागला नाही.

रात्री जेवताना एकदम म्हणाले, ‘प्लाय किती जाडीचा म्हणाला तो?’

तेव्हापासून खोली माझी राहिलेली नाही. चाळीस वर्षं छापखान्यातली मशीनं दुरुस्त केलेला माणूस, त्याला दार मिळालंय. रबराची पट्टी तीनदा काढून तीनदा लावली. कागदाचा कपटा दारात धरून ओढून बघतात, सहज निघाला तर पुन्हा पट्टी काढतात.

वर मी गेले होते. बाईंना वाटलं, तक्रार घेऊन आले. रबर पुढे केलं तेव्हा चहा दिला. त्याही वैतागल्या होत्या, मशीन फरशीवर सरकायचं. निघताना त्यांनी चौकटीत काय भरणार म्हणून विचारलं आणि कापडाच्या चिंध्यांची पाच पोती दाखवली. जीन्सचे तुकडे, अस्तरं, कोटाची कापडं. आमच्याकडे आता दहा चौकटी आहेत, आणि त्यांच्या पोटात अख्ख्या वस्तीचे कपडे आहेत. टाळी वाजवली तर नुसती टाळी वाजते. शेपूट गेलं.

आता खरी गंमत. दाराची परीक्षा घ्यायची म्हणून मी आत मोठ्याने वाचत होते आणि बाबा बाहेर पंख्याखाली उभे होते. ऐकू आलं की सांगा, असं ठरलं होतं. ते समाधानाने म्हणाले, ‘काही म्हणजे काही ऐकू येत नाही.’ काका, मी तेव्हा दार लावलंच नव्हतं.

टीव्हीचा उलगडा झाला. परवा कान तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, निदान पाच वर्षं झाली असतील. बाबा म्हणतात, लोकच हल्ली पुटपुटतात.

नमुन्याला चौदा दिवस उरलेत.

टिटवी

*

२७ एप्रिल

धाकट्या,

पोरीच्या खोलीचं दार मी बसवलंय. तू सांगितलंस तसं, आणि दोन ठिकाणी तुझ्यापेक्षा बरं. तपासून घ्यायला तुलाच यावं लागेल, मी कागदावर काही सांगणार नाही.

माझाही कान गेलाय. मला वाटत होतं, तूच हळू बोलतोस.

कपाटातलं यंत्र घेऊन ये. ह्या वेळी ‘छान’ म्हणू नकोस, गाडी कुठली ते कळव.

दादा

*

१६ मे

काकू,

तुमचं पत्र मिळालं. ‘हे घरी आल्यापासून नुसते गालात हसतात आणि विचारलं तर उत्तर देत नाहीत, तिकडे काय झालं ते तू तरी सांग,’ असं तुम्ही लिहिलंय. मला माहीत आहे तेवढं सगळं सांगते.

आधी माझं. नमुना आठ तारखेला पाठवला. काल उत्तर आलं, एका ओळीचं. खोली पास. कादंबरी सहाशे पानांची आहे. मी दवाखान्यातून रोज अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, कशासाठी. मी सांगितलं आणि त्यांच्यासमोर पहिलं पान वाचून दाखवलं. खुर्चीतल्या पेशंटचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही.

आता चार तारखेचं. काका दुपारी आले. बाबा गॅलरीतून बघत होते तरी दार मला उघडायला लावलं. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि काकांनी वाकून बाबांच्या पायाला हात लावला. बाबा म्हणाले, ‘बारीक झालास.’ काका म्हणाले, ‘काय?’ बाबा म्हणाले, ‘हं?’

अर्धा तास असाच गेला. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता, फ्रिज थरथरत होता, खाली कुणीतरी गाडी चालू करत होतं. काकांच्या कानात यंत्र होतं आणि ते सारखं त्याच्याशी खेळत होते. काका विचारायचे छातीचं, आणि बाबा उत्तर द्यायचे चावीचं. एकदा दोघंही एकाच वेळी मोठ्याने बोलले, आणि मग दोघंही फरशीकडे बघू लागले. चार वर्षांनी भेटलेले दोन भाऊ, आणि आपण पुन्हा ‘हो, हो’ म्हणत बसणार, हे दोघांनाही कळलं होतं.

म्हणून मी म्हटलं, काका, खोली तर बघा.

त्यांनी दाराची कड चाचपली, वाकून खालची पट्टी पाहिली आणि बाबांकडे बघून मान हलवली. मग आत गेले. मी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. काका माझ्या स्टुलावर बसले, बाबा पलंगाच्या कडेला. काका आपल्या नेहमीच्या आवाजात, अगदी हळू म्हणाले, ‘दादा.’

बाबा म्हणाले, ‘बोल.’

काकांनी यंत्राला लावलेला हात खाली घेतला. डोळे मोठे करून एकदा चौकटींकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. म्हणाले, ‘मला ऐकू आलं.’

‘मलाही,’ बाबा म्हणाले. ‘एवढ्या हळू बोलतोस तरी.’

मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला चहाचं बघायला सांगितलं. मी बाहेर पडते न पडते तोच त्यांनी दार ओढून घेतलं. त्या दुपारी मी नमुना वाचायचा ठरवला होता, कारण बाईंनी खास माझ्यासाठी मशीन बंद ठेवलं होतं. तो बेत तिथेच संपला. चहा झाला, गाळला, गार झाला. साडेतीनला आत गेलेले दोघं सहा वाजता बाहेर आले. बाबांच्या हातात काकांचा रुमाल होता. काका म्हणाले, भूक लागली.

मधल्या अडीच तासांत ते काय बोलले ते तुम्हाला हवं आहे. खोटं कशाला सांगू, मी दाराला कान लावून उभी होते. आधी उजवा लावला, मग डावा, मग गुडघ्यावर बसून खालच्या पट्टीशी कान नेला. नुसती गुणगुण येत होती, दोघांची मिळून एक. कोण बोलतंय तेही कळत नव्हतं. शब्द एकसुद्धा बाहेर आला नाही.

बाबांनी दार खरंच फार चांगलं बसवलंय, काकू.

तुमची टिटवी